सुटलेल्या स्कीचा बंदोबस्त

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर बर्फ म्हणजे होडी समुद्रात लोटण्यापूर्वी तिच्या खणांत भरून न्यावयाचा आणि परतीच्या वाटेवर मासळीवर पसरावयाचा एक जिन्नस, एवढीच त्याची ओळख असल्यामुळे, तिथल्या वाचकापुढे हिमाच्छादित उतारावरून घसरत जाण्याच्या साधनांविषयी अख्खे प्रकरण मांडणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. तथापि ज्या बारीक प्रश्नाची चर्चा येथे करावयाची आहे तो मुळात बांधण्याचा आणि सोडण्याचा प्रश्न आहे, आणि त्या विषयात या किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांना डोंगरातल्या माणसाने नवे शिकवावे असे फारसे काही नाही. डोल हे पिशवीसारखे जाळे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांच्या आधाराने ओघात उभे राहते, भरतीओहोटीचे पाणी त्याच्या तोंडातून आत शिरते, बोंबील मागच्या निमुळत्या भागात साचतात, आणि त्या साऱ्या ओघाचा भार होडीवर न पडता खुंटांवर पडतो. पापलेटांसाठी रात्री सोडलेल्या तरत्या जाळ्याची तऱ्हा निराळी: ते कुठेच रोवलेले नसते, त्याचे एक टोक दोराने होडीलाच बांधलेले असते, आणि जाळे व होडी एकमेकांच्या संगतीने वाहत राहतात. एकात वस्तूला जमिनीने धरले आहे, दुसऱ्यात माणसाने. खुंट निसटला तर डोल गेली, पण माणूस सलामत. तरते जाळे कशात गुंतले तर ते हरवत नाही, परंतु त्याचा हिसका होडीला बसतो आणि प्रसंगी दोरावर कोयता चालवावा लागतो. स्कीच्या बाबतीत सुटलेली स्की हिमातच अडविणारा ब्रेक आणि तिला पायाशी बांधून ठेवणारी लीश यांतला भेद नेमका हाच आहे, आणि कोणते जाळे केव्हा टाकावे हा निर्णय जसा समुद्राच्या त्या दिवसाच्या वृत्तीवर अवलंबून असतो तसाच तो येथेही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता साधनाची ओळख करून घेऊ. स्की म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर लांबीची, पुढून वर वळलेली, तळाला गुळगुळीत प्लास्टिकचा थर आणि कडांना पोलाद असलेली फळी. आणि बूट तिला ज्या यंत्रणेने जखडला जातो ती बाइंडिंग. रोपवेने वर जाऊन तयार केलेल्या वाटेवरून खाली येणाऱ्यांचे बाइंडिंग टाच कायमची धरून ठेवते. परंतु ज्यांना रोपवेच्या पलीकडच्या, कोणीही न दाबलेल्या हिमात स्वतःच्या पायांनी चढून मग उतरावयाचे असते, त्यांना चढताना टाच मोकळी आणि उतरताना जखडलेली असे दुहेरी बाइंडिंग लागते. चढताना फळी मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, माथ्यावर पोहोचल्यावर त्या सोलून खिशात घालतात आणि उतरावयास लागतात. या प्रकाराला टूरिंग म्हणतात. आपल्या देशात गुलमर्गच्या वर अफरवटच्या अंगाखांद्यावर आणि औलीच्या पुढे गोरसन बुग्यालाच्या बाजूला तो चालतो, आणि गुलमर्गच्या शासकीय संस्थेतील किंवा औलीच्या शिबिरांतील प्राथमिक वर्ग पुरा करून आलेल्या मराठी मुलामुलींना दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात त्याचे वेध लागतात.

बाइंडिंगचा इतिहास पाहिला तर एक मौजेची गोष्ट ध्यानी येते. प्रारंभीच्या सर्व कारागिरांची धडपड पाय फळीशी अधिकाधिक घट्ट कसा बांधावा यासाठी होती. स्वित्झर्लंडमधील गीडो रॉइगे याने १९२९ च्या सुमारास तारेच्या ताणाने टाच आवळणारे 'कांडाहार' बाइंडिंग काढले तेव्हा ती धडपड सफल झाली, आणि त्याच यशाचा मोबदला म्हणून नडग्या मोडू लागल्या, कारण पडताना दीड-दोन मीटरची फळी तरफेसारखी पायाला पिळते. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील पोर्टलंड शहरी स्थायिक झालेल्या ह्यालमार ह्वाम या पटाईत स्कीपटूने १९३७ मध्ये, स्वतःचाच पाय मोडून घेतल्यावर, विशिष्ट जोराच्या पिळाबरोबर बूट आपण होऊन मोकळा करणारे बाइंडिंग योजिले, आणि तेव्हापासून उत्तम बाइंडिंगची परीक्षा ते किती घट्ट धरते यावर न राहता योग्य क्षणी किती खात्रीने सोडते यावर ठरू लागली. माणूस वाचला. परंतु सुटलेल्या फळीचे काय, हा प्रश्न त्या दिवशी जन्माला आला.

तो प्रश्न क्षुल्लक नाही. ३५ अंशांच्या टणक उतारावर, घर्षण जवळजवळ नाहीच म्हणावे अशा तळाची फळी मोकळी सुटली तर तिचा वेग दर सेकंदाला सुमारे पाच मीटरने वाढतो. म्हणजे मालकाने 'अरे' म्हणून हात पुढे करीपर्यंत, पहिल्या तीन सेकंदांतच, ती वीसेक मीटर खाली पोहोचून ताशी ५० किलोमीटरच्या घरात धावत असते, आणि तिच्या कडा पोलादाच्या असतात. खाली कोणी उभे असेल तर तिची गाठ त्याच्या पायाशी किंवा बरगड्यांशी पडते. कोणी नसेल तर ती दरीत जाते, आणि एका पायात फळी व दुसरा पाय मांडीपर्यंत हिमात रुतलेला अशा अवस्थेत मालकाला सारा दिवस खाली येण्यात काढावा लागतो; हिमालयातल्या आखूड दिवसांत याचा अर्थ रात्र उघड्यावर काढणे असाही होऊ शकतो.

यावर काढलेला पहिला तोडगा स्वाभाविकपणेच पट्ट्याचा होता. फळी सुटली तरी पायाला बांधलेली राहावी म्हणून कातड्याचा किंवा नायलॉनचा पट्टा घोट्याभोवती आवळू लागले, आणि कित्येक दशके तो सर्वमान्य होता. त्यातला दोष असा की ह्वामने मोठ्या कष्टाने साधलेली माणूस व फळी यांची फारकत पट्ट्याने निम्मी रद्द करून टाकली: कोलांट्या खात घसरणाऱ्या माणसाभोवती त्याची स्वतःचीच फळी पट्ट्याच्या लांबीएवढ्या फेऱ्यात गरगर फिरते आणि तिची कड कपाळ, गाल, मांडी जे सापडेल ते फाडते. १९७० नंतरच्या दशकात ब्रेक आला आणि त्याने थोड्याच वर्षांत तयार उतारांवरून पट्ट्याला जवळजवळ हद्दपार केले.

ब्रेक जवळून पाहण्यासारखा आहे. बाइंडिंगच्या टाचेकडील तुकड्यापुढे एक लहानसे पायदाण असते आणि फळीच्या दोन्ही बाजूंनी पोलादी तारेचे दोन दांडे, टोकाला प्लास्टिकची नखे असलेले. बूट पायदाणावर बसला की स्प्रिंग दबते, दांडे मागे व वर वळून फळीच्या कडांना समांतर निजतात आणि नखे आत सरकतात; बूट निघाला रे निघाला की स्प्रिंग मोकळी होऊन तेच दांडे खटकन खाली येतात, तळाच्या पातळीखाली काही सेंटीमीटर उतरतात आणि नांगराच्या फाळासारखे हिमात घुसतात. यात मनुष्याने काही करावयाचे नसते, आठवावयाचेही नसते. पडल्यावर भानावर नसणाऱ्या प्राण्यासाठी योजलेल्या साधनाचा हा फार मोठा गुण आहे.

मग टूरिंगवाल्यांत हा पट्टा, म्हणजेच लीश, पुन्हा कसा आला? याला कारण ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचा फ्रिट्झ बार्थेल. मोंट ब्लांकच्या चढाईत जड साहित्य ओढून कंटाळलेल्या या तरुणाने १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात असे बाइंडिंग रचले की ज्यात बुटाला पकडणारे सारे लोखंड काढून टाकून पुढे दोन आणि मागे दोन अशा चारच खिळ्या ठेवल्या, आणि त्या बसाव्यात म्हणून बुटातच धातूच्या खोबणी बसविल्या. पुढे डायनाफिट या संस्थेने ते बाजारात आणले आणि आज हलक्या टूरिंगची जवळजवळ सर्व बाइंडिंगे त्याच वंशातली आहेत. किलोच्या वरचे वजन काहीशे ग्रॅमांवर आले, आणि एकदा काटछाटीची चटक लागल्यावर ब्रेकवरही सुरी चालली, कारण एका पायाचा ब्रेक ढोबळ मानाने शंभर ग्रॅमांचा, तर लीश त्याच्या काही अंशाची. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकच्या कार्यक्रमात ज्याचा प्रथमच समावेश झाला त्या स्की-पर्वतारोहणाच्या शर्यतींसाठी घडविलेली बाइंडिंगे तर हातात घेतली असता खेळण्यातली वाटतात.

या शंभर ग्रॅमांचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे, कारण दुकानांतल्या चर्चेत त्यांना अवाजवी मान मिळतो. दोन्ही पायांचे मिळून २०० ग्रॅम एक हजार मीटर वर नेण्यासाठी निव्वळ उचलण्याचे काम सुमारे १,९६० ज्यूल, म्हणजे अर्ध्या किलोकॅलरीहूनही कमी. शरीराच्या स्नायूंची कार्यक्षमता पाव-पंचमांश धरली तरी दोन-अडीच किलोकॅलरी, एका चिक्कूतली ऊर्जा याच्या कितीतरी पट भरेल. पायाला बांधलेले वजन पाठीवरच्या वजनाहून कैक पटींनी जाचते हे खरे, कारण प्रत्येक पावलागणिक ते थांबवून पुन्हा हलवावे लागते. तथापि स्की उचलून टाकावयाची नसून सरकवावयाची असते, म्हणून तो जाचही पुष्कळ सौम्य होतो. शर्यतीतल्या खेळाडूला सेकंदांची किंमत असते. रविवार गाठून अफरवटला निघालेल्या गृहस्थाने मात्र वजनाच्या सबबीवर ब्रेक नाकारावा यात विचारापेक्षा फॅशनचा अंमल अधिक दिसतो.

वजन बाजूला सारले म्हणजे मग खरी जोखीम दिसू लागते, आणि तिच्यात अग्रस्थान हिमस्खलनाचे. उताराचा एखादा थर तडकून सारे हिम प्रवाही होऊन धावू लागते तेव्हा त्यात सापडलेल्या माणसाच्या पायाला बांधलेली फळी प्रवाहाच्या खालच्या, संथ व जड भागात रुतते आणि त्याला खाली ओढते. पृष्ठभागाजवळ राहण्यासाठी हातपाय मारण्याची जी थोडीशी संधी असते ती तिने हिरावून घेतली जाते. म्हणून अशा वेळी फळ्या आणि हातातल्या काठ्या जितक्या लवकर दूर होतील तितके बरे, हा सर्व शिक्षकांचा उपदेश, आणि म्हणूनच काठ्यांचे मनगटी पट्टेही अशा उतारावर काढून ठेवतात. गुलमर्गच्या वरच्या उतारांवर ही भीती पुस्तकी नाही: ८ फेब्रुवारी २०१० रोजी तेथे लष्कराच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमलोट कोसळून १७ जवान मृत्युमुखी पडले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या बाजूला दोन पोलिश स्कीपटूंचा अंत झाला. अशा डोंगरावर घोट्याला फळी बांधून हिंडणे प्रस्तुत लेखकाच्या मते असमर्थनीय आहे. फळी हरवली तर चालत यावे लागेल, एवढीच तिची किंमत.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ब्रेकवाले तिच्याकडे कानाडोळा करतात. बार्थेलच्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये चढताना पुढची खटकी ओढून जबडा कुलूपबंद करतात, नाहीतर तिरक्या उतारावर बूट निसटतो. आणि जबडा कुलूपबंद असताना तो पिळाला दाद देत नाही. म्हणजे चढणीवर हिमस्खलनात सापडलेल्या माणसाला ब्रेक असो वा लीश असो, फळी पायालाच राहणार. संशयास्पद उतार आडवा ओलांडताना काही जाणती माणसे खटकी खाली ठेवतात आणि बूट निसटण्याचा त्रास पत्करतात. ही तजवीज कोणत्याही ब्रेकने आपोआप होत नाही.

ब्रेकची दुसरी मर्यादा पावडरीसारख्या खोल, सैल हिमात दिसते, आणि गुलमर्गची ख्याती अशाच हिमाबद्दल आहे. येथे सुटलेली फळी दूर पळत नाही. ती नाकाने सूर मारून हिमाखाली शिरते आणि पृष्ठभागावर एक बारीक चीर सोडून अदृश्य होते. फाळ मारायला टणक असे काही नसल्यामुळे ब्रेक तेथे निरुपयोगी ठरतो, आणि मंडळी तासन्‌तास काठ्यांनी हिम टोचत बसतात. यावर जुना व स्वस्त उपाय म्हणजे काही मीटर लांबीची भडक रंगाची फीत: एक टोक फळीला, बाकीची घडी घालून विजारीच्या पायात खोचलेली, शरीराला कुठेही न बांधलेली. फळी बुडाली की फीत सरसर उलगडून वर राहते. माणूस मोकळा आणि वस्तूचा ठावठिकाणा मात्र लागतो. दोन्ही पक्षांच्या वादात या बिचाऱ्या फितीची आठवण कोणाला होत नाही याचे नवल वाटते.

उलट बाजूला, लीशचा पक्ष जिथे बळकट होतो ती भूमी हिमनदीची आणि वसंतातल्या कडक, तीव्र उतारांची. रात्री गोठून काचेसारख्या झालेल्या पृष्ठभागावर ब्रेकची नखे नुसती खरवडतात, फळी किंचित वळते आणि जाते ती जातेच. हिमनदीवर ती एखाद्या हिमभेगेत शिरली तर तिचा नाद सोडावा लागतो आणि मागे राहिलेल्या माणसाला इतरांच्या दोरावर, भेगांवरच्या नाजूक पुलांवरून, वजन एका जागी एकवटणाऱ्या पावलांनी परतावे लागते. फळीवर उभे असता तेच वजन तिच्या सर्व लांबीवर वाटले जात होते. अशा ठिकाणी फळी हे वाहन नसून जामीन आहे. शिवाय तेथील बहुतेक फळ्या पडताना हरवत नाहीत; त्या घालताना-काढताना, हातमोज्यातल्या बधिर बोटांतून, माथ्यावरच्या बिछायतीएवढ्या जागेत हरवतात, आणि त्या क्षणी आधी लीश बुटाला अडकवून मग खिळ्या जुळविणाऱ्याचे धोरण शहाणपणाचे ठरते.

(थांबविण्याच्या साधनांचा इतिहास लिहिणाऱ्याला युइचिरो मिउरा या जपानी गृहस्थाचा मोह आवरत नाही. ६ मे १९७० रोजी ते एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून स्की घालून खाली सुटले, तेव्हा वेग आवरण्यासाठी त्यांनी पाठीला हवाई छत्री बांधली होती. त्या उंचीवरच्या विरळ, लहरी हवेत छत्रीने अपेक्षित काम दिले नाही, ते पडले, शेकडो मीटर घसरले आणि खालच्या मोठ्या भेगेच्या अलीकडे कसेबसे थांबले.)

अलीकडच्या लीशमध्ये या सगळ्या वादाची थोडीफार तडजोड केलेली आढळते. ती सरळ पट्टा नसून प्लास्टिकचे आवरण चढविलेली, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक तार असते, आणि तिच्या एका सांध्यात मुद्दाम कच्चा दुवा ठेवलेला असतो, की फळी गेली तर तिच्या वजनाने तो तुटू नये, परंतु हिमलोटाच्या जबरदस्त ओढीपुढे मात्र तुटावा. कल्पना चांगली आहे. तथापि हे दोन जोर प्रत्यक्षात एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून येतात असा करार निसर्गाने कोणाशी केलेला नाही. कोलांटी खाताना बसणारा हिसका कधी दुव्याला पुरून उरतो आणि फळी जाते, कधी दुवा संथ पण अथक ओढीला दाद देत नाही आणि माणूस जातो. म्हणून कच्च्या दुव्याच्या भरवशावर स्खलनाच्या उतारावर लीश बांधणे मला मान्य नाही. लीश ज्याने घेतली त्याने तीत कच्चा दुवा असलेलीच घ्यावी, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

तेव्हा ज्याला एकच जोडी घ्यावयाची आहे, आणि जो वर्षातून एखाद-दोनदा हिमालयात जाणार, त्याने निःशंकपणे ब्रेकचे बाइंडिंग घ्यावे. तयार उतारावर, जिथे खाली लहान मुले शिकत असतात, सुटलेल्या फळीचा बंदोबस्त करणे हे इतरांशी असलेले कर्तव्य आहे आणि पुष्कळ स्की-केंद्रांत तो नियमही आहे. ब्रेक ते कर्तव्य मालकाच्या आठवणीवर न सोडता पार पाडतो. हिमनदीवरच्या मोहिमेसाठी सुटी लीश खिशात ठेवता येते, ती ब्रेकच्या जोडीला लावण्यास कोणाची हरकत नाही. केवळ लीश वापरण्याचा अधिकार मी शर्यतवाल्यांना आणि कडक हिमावरच्या मुरलेल्या पर्वतारोह्यांना देईन.

ब्रेक घेतल्यावर मात्र दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली रुंदीची: फळीची कंबर ९५ मिलिमीटर असेल तर ब्रेकचे दांडे त्याहून पाच-दहा मिलिमीटर रुंद असावेत, अरुंद असले तर ते फळीच्या कडेवर अडकून खाली येत नाहीत, आणि फार रुंद असले तर वळताना बाहेर डोकावून हिमात घासतात. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. चढताना प्रत्येक पावलाला टाच उचलली जात असल्यामुळे ब्रेक दर पावलाला खाली पडेल, म्हणून टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये तो वर अडकवून ठेवणारा खटका असतो, आणि वितळून पुन्हा गोठलेले हिम नेमके त्याच खटक्यात साचते. कधी ब्रेक चढणीच्या मध्यावर खाली पडून चाल अडवितो. हा उपद्रव कळतो तरी. कधी तो वरच गोठून बसतो आणि उतरताना पडल्यावर उघडतच नाही. तोवर मालक आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत असतो. माथ्यावर पट्ट्या सोलून झाल्या की बूट घालण्यापूर्वी काठीच्या टोकाने खटक्यातले हिम खरवडावे, अंगठ्याने पायदाण दाबून सोडावे आणि दांडे खटकन खाली येतात की रेंगाळतात ते पाहावे. भाड्याच्या जोडीची हीच तपासणी दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी, दुकानदार घाई करीत असला तरी, दोन्ही फळ्यांवर करावी. स्प्रिंग म्हातारी झालेली असेल तर तेथेच उमगते आणि जोडी बदलून मिळते.

लीशवाल्यासाठी क्रम महत्त्वाचा असतो. उतारावर फळी आडवी, म्हणजे उताराला काटकोनात ठेवावी, तिची वरची कड हिमात दाबावी, आधी तार बुटाच्या कडीत अडकवावी आणि मगच खिळ्या बसवाव्यात. काढताना खिळ्या आधी, तार शेवटी. आणि पुढे स्खलनाची शंका येणारा उतार लागला तर त्याच्या अलीकडे, सपाट जागी थांबून तार बुटापासून सोडावी, आणि ती फळीवर लोंबती न ठेवता बाइंडिंगच्या पुढच्या भागाला दोन वेढे देऊन तिचा आकडा तिच्यातच अडकवावा, म्हणजे चालताना ती बुटाखाली सापडत नाही.